मेंदूतील लोह आणि कंपवाताची वाटचाल



कंपवाताचे, म्हणजेच पार्किन्सन्सचे, निदान झालेल्या घरात पहिल्या महिन्याभरातच दोन प्रश्न हमखास उभे राहतात. आजार आज नेमका कितपत वाढला आहे, हा पहिला. आणि पुढे तो किती वेगाने वाढेल, हा दुसरा. अलीकडे त्यांना तिसऱ्याची जोड मिळाली आहे. मेंदूत लोह साचल्यामुळे कंपवात होतो आणि ते लोह एमआरआयमध्ये मोजता येते, अशी माहिती मोबाइलवरून घरोघर पोहोचली आहे. तिचे दोन परिणाम शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांतील कुटुंबांत मला दिसतात. काही कुटुंबे 'लोहाचा फोटो' काढून आणण्यासाठी पुण्याला निघण्याच्या तयारीत असतात. उसाच्या बिलातून त्यासाठी पैसे बाजूला काढलेले असतात. तर काही घरांत आजी-आजोबांच्या रक्तवाढीच्या गोळ्या परस्पर बंद होतात, लोखंडी कढई माळ्यावर जाते आणि अळिवाची खीर वर्ज्य ठरते.

यांतील दुसरा परिणाम अधिक घातक आहे. दौंड तालुक्यातील एका आजींना चार पावले चालले तरी धाप लागे. कंपवात झपाट्याने वाढतो आहे, अशी घरच्यांची समजूत झाली होती. तपासले तेव्हा हिमोग्लोबिन आठच्या खाली आलेले. मेंदूत लोह वाढू नये म्हणून लोहाच्या गोळ्या चार महिन्यांपूर्वी थांबवल्या होत्या. थकवा होता रक्तक्षयाचा आणि खापर फुटत होते कंपवातावर.

मूळ माहिती खोटी नाही, पण ती अर्धी आहे. मेंदूतील लोहाविषयी विज्ञानाला आज काय ठाऊक आहे, एमआरआय ते कसे पाहते, त्यावरून आपल्या घरातील रुग्णाविषयी काय कळते आणि काय कळत नाही, हे आज क्रमाने पाहू.

काळसर भाग आणि त्यातील लोह

लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या आजारावर निबंध लिहिला, तेव्हा त्यांच्यापुढे होती ती केवळ लक्षणे: थरथर, मंदावलेल्या हालचाली, पुढे झुकलेली चाल. मेंदूत नेमके कुठे बिघडते, हे कळायला आणखी शंभर वर्षे जावी लागली. १९१९ साली पॅरिसमध्ये ट्रेटियाकॉफ यांनी दाखवून दिले की मेंदूच्या देठात, मध्यमेंदूत, 'सब्स्टॅन्शिया नायग्रा' नावाचा जो काळसर पट्टा असतो, त्यातील पेशी या रुग्णांमध्ये झडलेल्या असतात. या पेशी डोपामिन हे रसायन तयार करतात. हालचाल सुरू करणे, तिचा वेग राखणे, ती योग्य वेळी थांबवणे, ही कामे डोपामिनच्या आधाराने चालतात. पेशींचा मोठा हिस्सा गमावल्यानंतरच हाताची थरथर किंवा पायांचा जडपणा उघड होतो. म्हणून लक्षण दिसले त्या दिवशी आजार सुरू झाला असे नसते. तो कित्येक वर्षे आधीपासून आत चाललेला असतो.

याच काळसर भागात लोहाचे प्रमाण वाढलेले आढळते, हे निरीक्षणही जुने आहे. फ्रान्समधील लेर्मिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मृत्यूनंतर तपासलेल्या मेंदूंवरून १९२४ सालीच त्याची नोंद केली होती. त्यामुळे 'नवा शोध' म्हणून मोबाइलवर फिरणाऱ्या माहितीचे मूळ शंभर वर्षांहून जुने आहे. नवे एवढेच की हे लोह आता जिवंत माणसाच्या मेंदूत, कोणतीही चिरफाड न करता पाहता येते.

लोह मेंदूचा शत्रू आहे का? मुळीच नाही. डोपामिन तयार करणाऱ्या विकराला कामासाठी लोहच लागते. पेशीतील ऊर्जानिर्मितीलाही ते लागते. मात्र लोहाचा स्वभाव चुलीतल्या विस्तवासारखा आहे. चुलीत आहे तोवर भाकरी भाजतो. ठिणगी गंजीत पडली की घात करतो. निरोगी पेशी लोहाला फेरिटिन नावाच्या प्रथिनाच्या कणगीत बंदिस्त ठेवते. काळसर भागातील पेशींत आणखी एक सोय असते: न्यूरोमेलॅनिन हे काळे रंगद्रव्य लोहाला धरून ठेवते. हा भाग काळा दिसतो तो या रंगद्रव्यामुळेच. पेशी मरू लागल्या की ही बंदिस्ती ढासळते. मोकळे झालेले लोह पेशीतल्या हायड्रोजन पेरॉक्साइडशी संयोग पावून अतिशय दाहक रेणू निर्माण करते आणि ते शेजारच्या पेशींनाही इजा करतात.

इथे एक गाठ अजून सुटलेली नाही. लोह साचते म्हणून पेशी मरतात, की पेशी मरतात म्हणून लोह साचते? दोन्ही गोष्टी एकमेकींना खतपाणी घालत असाव्यात, असे बहुतेक संशोधक मानतात. पण पहिला धक्का लोहानेच दिला, असे सिद्ध झालेले नाही. 'लोहामुळे कंपवात होतो' हे वाक्य म्हणूनच अर्धे आहे.

एमआरआयला लोह कसे दिसते?

होकायंत्राजवळ लोखंडाचा तुकडा नेला की सुई ढळते. एमआरआयचे तत्त्व या अनुभवापासून फार दूर नाही. आपल्याकडच्या केंद्रांत साधारणतः दीड किंवा तीन टेस्ला क्षमतेची यंत्रे असतात. तीन टेस्लाचे यंत्र पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या पन्नास हजार पटींहून अधिक शक्तिशाली असते. त्या चुंबकीय क्षेत्रात मेंदूतील लोहाचा अत्यल्प साठादेखील आपल्याभोवती सूक्ष्म ढवळाढवळ करतो. ती ढवळाढवळ टिपणारी एसडब्ल्यूआय नावाची पद्धत आज अनेक केंद्रांत उपलब्ध आहे. तिच्यात लोहाची जागा काळी दिसते. अडचण अशी की जुना रक्तस्राव किंवा साचलेले कॅल्शियमही तिच्यात काळेच दिसू शकते.

त्यापुढची पायरी म्हणजे क्यूएसएम. या पद्धतीत संगणक ढवळाढवळीचे गणित उलटे सोडवून प्रत्येक ठिकाणच्या ऊतीची चुंबकीय प्रवृत्ती आकड्यात सांगतो. लोह आणि कॅल्शियम यांची चुंबकीय वर्तणूक परस्परविरुद्ध असल्याने ते इथे वेगळे ओळखू येतात. 'लोह मोजणे' म्हणतात ते हेच. सुई टोचावी लागत नाही, किरणोत्सर्ग नाही आणि या मापनासाठी शिरेतून रंगद्रव्यही द्यावे लागत नाही.

आणखी एक खूण तुमच्या अहवालात कदाचित लिहिलेली असेल. निरोगी माणसाच्या काळसर भागात मागच्या बाजूला एक छोटा उजळ ठिपका असतो आणि त्याच्या दोन्ही अंगांना काळ्या रेषा. चित्र दिसते ते भिंगरी पक्ष्याच्या दुभंगलेल्या शेपटीसारखे. कंपवातात हा उजळ ठिपका नाहीसा होतो आणि शेपटीची फट बुजते. म्हणून अहवालात 'स्वॅलो टेल साइन दिसत नाही' असे वाक्य येते. ते वाचून घाबरू नये आणि ते नसल्यास निश्चिंतही होऊ नये. चांगले यंत्र, स्थिर पडलेला रुग्ण आणि अशा प्रतिमा पाहण्याची सवय असलेला रेडिओलॉजिस्ट, हे तिन्ही जुळले तरच या खुणेला वजन येते.

सरासरी आणि आपला माणूस

आता मुख्य प्रश्न. या मापनावरून आजाराची वाटचाल कळते का?

अनेक रुग्णांचा गट घेतला, तर काही प्रमाणात कळते. कंपवाताच्या रुग्णांच्या गटात काळसर भागातील लोह त्याच वयाच्या निरोगी गटापेक्षा सरासरीने अधिक भरते, हे बऱ्याच अभ्यासांत दिसले आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी २०२० मध्ये सुमारे शंभर रुग्णांचा क्यूएसएम अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांची स्मरणशक्ती आणि विचारशक्ती अधिक मंदावली होती, त्यांच्या मेंदूत स्मृतीशी संबंधित हिप्पोकॅम्पस व थॅलॅमस या भागांत लोह अधिक आढळले. ज्यांच्या हालचाली अधिक बिघडल्या होत्या, त्यांच्यात पुटामेन या भागात. म्हणजे लोहाच्या नकाशात आजाराच्या तीव्रतेची काही छाया पडते. नव्या औषधांच्या चाचण्यांत अशा मापनाचा उपयोग व्हावा, ही संशोधकांची अपेक्षा त्यामुळेच आहे.

एका रुग्णाच्या बाबतीत मात्र गोष्ट वेगळी होते. आपल्या भागातील ऊस उत्पादकांना हे समजावून सांगावे लागणार नाही. कारखान्याचा हंगामाचा सरासरी साखर उतारा कागदावर येतो आणि त्यावरून दर ठरतो. पण त्या आकड्यावरून आपल्या बांधावरच्या उसात साखर किती, हे सांगता येत नाही. कुणाचा ऊस त्या सरासरीच्या वर असतो, कुणाचा खाली. मेंदूतील लोहाचेही तसेच आहे. निरोगी माणसांतही वयोमानाने मेंदूतील लोह वाढते. एखाद्या निरोगी आजोबांचा आकडा एखाद्या रुग्णाच्या आकड्याहून जास्त निघू शकतो. दोन वेगळ्या यंत्रांवर काढलेले आकडे सरळ तुलना करण्याजोगे नसतात. शिवाय वर्षभरात होणारा बदल इतका थोडा असतो की तो आजाराचा म्हणावा की मोजणीतल्या चुकीचा, हे एका माणसापुरते ठरवणे कठीण जाते.

त्यामुळे 'गेल्या वर्षीपेक्षा लोह किती वाढले ते पाहू' म्हणून दरवर्षी एमआरआय करण्याची शिफारस आज रुग्णसेवेत केली जात नाही. त्या आकड्यावरून कोणत्याही गोळीची मात्रा ठरत नाही.

प्रतिमा सुधारली, माणूस खालावला

याहून मोठा धडा २०२२ च्या अखेरीस मिळाला. लोह अपायकारक असेल तर ते काढून टाकावे, हा विचार कुणालाही सुचण्यासारखा आहे. त्यासाठी औषधही हाताशी होते. थॅलेसेमियाच्या रुग्णांना वारंवार रक्त द्यावे लागते आणि त्यामुळे शरीरात साचणारे लोह बाहेर काढण्यासाठी डेफेरिप्रोन वापरतात. हे औषध मेंदूपर्यंतही पोहोचते. युरोपातील आठ देशांत ३७२ रुग्णांवर त्याची चाचणी झाली. सर्वांचे निदान नुकतेच झालेले होते आणि कुणीही लेव्होडोपा घेतलेले नव्हते. निम्म्यांना ३६ आठवडे डेफेरिप्रोन दिले, निम्म्यांना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी.

एमआरआयमध्ये औषध घेणाऱ्यांच्या मेंदूतील लोह अपेक्षेप्रमाणे कमी झालेले दिसले. माणसे मात्र अधिक खालावली. लक्षणांच्या मोजपट्टीवर निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांचे गुण सरासरी ६.३ ने बिघडले, तर डेफेरिप्रोन घेणाऱ्यांचे १५.६ ने. आजार बळावल्यामुळे ठरलेल्या मुदतीआधीच कंपवाताची नेहमीची औषधे सुरू करण्याची वेळ डेफेरिप्रोनच्या गटात २२ टक्के रुग्णांवर आली. दुसऱ्या गटात ती ३ टक्क्यांहूनही कमी जणांवर आली. काही रुग्णांच्या रक्तातील पांढऱ्या पेशीही धोकादायकरीत्या घटल्या. डोपामिन बनवण्यासाठी लोह लागते, हे वर आलेच आहे. उरलेल्या पेशींची तीच शिदोरी हिरावली गेली असावी, असे स्पष्टीकरण संशोधकांनी पुढे ठेवले.

ही चाचणी मी एवढ्या तपशिलाने सांगितली, कारण 'शरीरातील लोह खेचून काढतो', 'मेंदू शुद्ध करतो' अशा जाहिराती आपल्यापर्यंत पोहोचत असतात. प्रतिमेतला काळा रंग फिका होणे आणि आपला माणूस सुधारणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लोह काढण्याचा कोणताही उपचार, मग तो गोळी, सलाइन किंवा चूर्ण यांपैकी कोणत्याही रूपात असो, कंपवातासाठी करून घेऊ नये.

स्वयंपाकघरातले लोह

मग आहाराचे काय? आपल्या शरीरात एकूण तीन ते चार ग्रॅम लोह असते आणि त्यातील बहुतांश रक्तातील हिमोग्लोबिनमध्ये असते. मेंदूत किती लोह शिरू द्यायचे, याचे नियंत्रण रक्त आणि मेंदू यांच्यामधला पडदा स्वतंत्रपणे करतो. बाजरीची भाकरी, गूळ, पालेभाजी, लोखंडी तवा किंवा अळीव यांच्यामुळे काळसर भागात लोह साचते, असे दिसलेले नाही. हे पदार्थ बंद केल्याने तिथले लोह कमी होते, असेही नाही. मधुमेह असल्यास गूळ जपून खावा, तो वेगळ्या कारणासाठी.

उलट रक्तक्षय झाल्यास ज्येष्ठ रुग्णाचे मोठे नुकसान होते. थकवा वाढतो, उठताना चक्कर येते, तोल जातो. रात्री पाय स्वस्थ राहू न देणारा त्रासही लोहाच्या कमतरतेने बळावतो. म्हणून हिमोग्लोबिन कमी असेल आणि डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या असतील, तर त्या अवश्य घ्याव्यात. ज्येष्ठांचे रक्त कशामुळे कमी झाले, याचा शोधही घ्यायला हवा. मूळव्याध, जठरातील व्रण, क्वचित आतड्यातील गाठ यांतून रक्त जात असू शकते.

एक काळजी मात्र खरोखरच घ्यायची आहे आणि नेमकी तीच अनेकांना माहीत नसते. लेव्होडोपाची गोळी आणि लोहाची गोळी एका वेळी घेऊ नये. दोन्ही आतड्यात एकमेकांना चिकटतात आणि लेव्होडोपा रक्तात कमी उतरते. दोहोंमध्ये किमान दोन तासांचे अंतर ठेवावे. 'गोळी चालू आहे, पण गुण येत नाही' अशी तक्रार असणाऱ्यांनी आधी सकाळच्या गोळ्यांची डबी पाहावी. सगळ्या गोळ्या चहाबरोबर एका घोटात जात असतील, तर उत्तर तिथेच मिळण्याची शक्यता आहे. डाळ, अंडी, दूध यांसारख्या प्रथिनयुक्त पदार्थांबरोबरही लेव्होडोपाचे शोषण मंदावते. मळमळ होत नसेल तर ही गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यावी.

एमआरआय केव्हा करावा?

कंपवाताचे निदान आजही प्रामुख्याने डॉक्टरांच्या डोळ्यांनी आणि हातांनी होते. हालचालींचा मंदपणा आणि त्यासोबत विश्रांतीत होणारी थरथर किंवा सांध्यांतील ताठरपणा, हा त्याचा पाया. मुंबईतील पारशी समाजात कंपवाताचे प्रमाण शोधणारा डॉ. भरूचा आणि सहकाऱ्यांचा अभ्यास १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १४,०१० व्यक्तींमधून ४६ रुग्ण निश्चित केले गेले, ते विचारपूस आणि प्रत्यक्ष तपासणी यांच्या बळावर. आजही जगभर त्या अभ्यासाचा दाखला देतात.

मग एमआरआय निरर्थक का? नाही. कंपवातासारखे दिसणारे दुसरे आजार वगळण्यासाठी तो उपयोगी पडतो: मेंदूतील लहान लहान झटके, पडल्यानंतर कवटीखाली साचलेले रक्त, मेंदूत वाढलेले पाणी, गाठ. पहिल्या वर्षातच वारंवार पडणे, सुरुवातीलाच स्मृती ढासळणे, दोन्ही बाजूंना एकदमच त्रास सुरू होणे, उभे राहिल्यावर रक्तदाब फार उतरणे, पुरेशी मात्रा देऊनही लेव्होडोपाला प्रतिसाद न मिळणे, अशा वेळी न्यूरॉलॉजिस्ट तो सांगतात आणि तो करावा. त्याच तपासणीत एसडब्ल्यूआय सहसा होऊन जाते. लोहासाठी वेगळी फेरी मारण्याची गरज नसते.

त्याआधी आणखी एक गोष्ट करा. घरातील सर्व औषधांची पिशवी घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जा. चक्करेसाठी वर्षानुवर्षे चालू असलेली सिनारिझिन, फ्लुनारिझिन किंवा प्रोक्लोरपेराझिनची गोळी, मळमळीसाठीची मेटोक्लोप्रामाइड, मानसिक आजारावरची काही औषधे, यांमुळे हुबेहूब कंपवातासारखी लक्षणे निर्माण होतात. चक्करेची चिठ्ठी एकदा मिळते आणि मग औषधाच्या दुकानातून ती गोळी वर्षभर आणली जाते, हे आपल्याकडे नवे नाही. असे औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने थांबवल्यावर काही आठवड्यांत ते महिन्यांत पुष्कळ रुग्ण सुधारतात.

पुण्याला एमआरआयसाठी जायचे ठरलेच, तर तीन सूचना लक्षात ठेवा. हृदयात पेसमेकर, शरीरात धातूची पट्टी किंवा कानात यंत्र असेल तर आधी सांगा. नेहमीची गोळी चुकवू नका. शक्य असल्यास गोळीचा परिणाम उत्तम असतो अशी वेळ मागून घ्या, कारण थरथरीमुळे प्रतिमा अस्पष्ट येते आणि नेमकी लोहाची प्रतिमा हालचालीने लवकर बिघडते. नगर रस्त्यावरची कोंडी किंवा दौंडहून येणारी गाडी यांचा भरवसा नसतो, म्हणून दुपारची गोळी आणि पाणी जवळ ठेवा.

घरची वही

आजाराची वाटचाल पाहण्याचे साधन आपल्याला हवेच आहे, आणि ते प्रत्येक घरात करता येते. शंभर पानी वही घ्या. महिन्यातून एकदा, ठरलेल्या तारखेला, ठरलेल्या वेळी आणि गोळी घेतल्यापासून तितक्याच अंतराने पुढील नोंदी करा.

१. खुर्चीवरून उठून दहा फूट चालणे, वळणे, परत येऊन बसणे, याला किती सेकंद लागले. शेजारी एकाने सोबतीला उभे राहावे.

२. सदऱ्याच्या पाच गुंड्या किंवा ब्लाउजचे हूक लावायला लागलेला वेळ.

३. एकच ठरलेले वाक्य वहीत तीनदा लिहून घ्यावे. अक्षर बारीक होत गेले तर ते पान उलटताच दिसते. लिहिता न येणाऱ्यांकडून गोल गोल वळणाची नागमोडी रेघ काढून घ्यावी.

४. महिन्यात किती वेळा पडले, किती वेळा तोल गेला, दारात किंवा वळताना पाय जमिनीला चिकटल्यासारखे किती वेळा झाले.

५. गोळीची वेळ, तिचा गुण जाणवू लागल्याची वेळ आणि ओसरल्याची वेळ. ही नोंद सलग तीन दिवसांची असावी.

६. बद्धकोष्ठ, झोपेत ओरडणे किंवा हातपाय झाडणे, घास अडकणे, उदासपणा, भास, वजन.

नातवंडांना सांगून चालण्याचे मिनिटभराचे चित्रीकरणही मोबाइलवर करून ठेवा. न्यूरॉलॉजिस्टच्या दहा मिनिटांच्या भेटीत रुग्ण बहुधा अवसान आणून नीट चालून दाखवतो. घरातली खरी चाल वहीत आणि चित्रफितीत असते. गोळी वाढवायची की दिवसात विभागून द्यायची, व्यायामात काय बदलायचे, पडणे कसे टाळायचे, हे निर्णय या नोंदींवरून होतात. नोंदी बिघडताना दिसल्या तरी लेव्होडोपा स्वतःहून वाढवू नये आणि एकदम बंद तर कधीच करू नये. अचानक बंद केल्यास जिवावर बेतू शकते. आणि बिघाड दिसला की प्रत्येक वेळी तो कंपवाताचाच असतो, असेही नाही. मूत्रमार्गाचा संसर्ग, अंगातील पाणी कमी होणे, रक्तक्षय, नवे चालू झालेले औषध, यांपैकी एखादे कारण निघाले तर ते दुरुस्त होऊ शकते.

एमआरआयसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांचे काय करावे, असे कुणी विचारले तर मी सांगेन: न्हाणीघरात पकडायला दांडी बसवा, घसरणारी फरशी खडबडीत करून घ्या, आणि काही महिने फिजिओथेरपिस्टकडून रोजचा व्यायाम शिकून घ्या. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ हा रुग्ण आणि शुभंकरांचा स्वमदत गट आहे. मुंबईत २००१ साली स्थापन झालेल्या पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटीचे काम अनेक गावांत पोहोचले आहे. त्यांच्याशी संपर्क ठेवा. समदुःखी माणसे भेटली की सांभाळणाऱ्याच्याही खांद्यावरचा भार हलका होतो.

मेंदूतील लोहाचे संशोधन थांबलेले नाही आणि थांबूही नये. उद्या एखादे औषध आजाराची गती रोखणारे ठरले, तर त्याची पारख करायला कदाचित हेच मापन उपयोगी पडेल. तेव्हा या सदरातून मी आपल्याला ते अवश्य कळवीन. तोपर्यंत दौंडच्या त्या आजींप्रमाणे कुणाच्या घरी रक्तवाढीची गोळी बंद झाली असेल, तर ती पुन्हा सुरू करण्याविषयी या आठवड्यातच आपल्या डॉक्टरांशी बोला. आजींचे हिमोग्लोबिन तीन महिन्यांत अकरापर्यंत आले. कंपवात आहे; पण त्या आता अंगणापर्यंत न थांबता जातात.